बुधवारच्या मध्यरात्री साउथ काँग्रेसवर: जेम्स मॅकमर्ट्री यांना क्लबमध्ये ऐकण्याचा अनुभव

कंपनीने २०१५ साली मला एल-१ व्हिसावर टेक्सासमधील ऑस्टिनला पाठवले. १९९१ पासून हे शहर स्वतःला थेट संगीताची जागतिक राजधानी म्हणवून घेते, आणि आठवड्यातील कोणत्याही रात्री इथे कुठे ना कुठे गाणे चालू असते. तरीही चाळिशी ओलांडलेल्या, मद्य न घेणाऱ्या आणि परदेशी पासपोर्ट बाळगणाऱ्या एका बाईने, कामाच्या दिवशी, मध्यरात्री सुरू होणाऱ्या कार्यक्रमाला एकटीने जायचे म्हटले की अनेक प्रश्न समोर उभे राहतात. दारावर कोणते ओळखपत्र चालते, बसायला जागा असते का, दारू न मागवता उभे राहिलेले चालते का, परत कसे यायचे, या प्रश्नांची उत्तरे मराठीत मला कुठे वाचायला मिळाली नाहीत. म्हणून डिसेंबरमधील त्या बुधवारपर्यंत आणि त्या रात्री जे जे करावे लागले, ते क्रमाने लिहीत आहे.

ज्यांना ऐकायला मी गेले, त्यांच्याविषयी आधी थोडे सांगते. गायक-गीतकार जेम्स मॅकमर्ट्री यांचा जन्म १९६२ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ इथला, आणि बालपण व्हर्जिनियातले. वडील लॅरी मॅकमर्ट्री हे कादंबरीकार होते; त्यांना १९८६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. आई इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापक. १९८७ मध्ये टेक्सासमधील केरव्हिल लोकसंगीत महोत्सवात नव्या गीतकारांच्या स्पर्धेत जेम्स विजेत्यांपैकी एक ठरले. त्याच सुमारास वडील गायक जॉन मेलनकॅम्प यांच्यासाठी एक पटकथा लिहीत होते, आणि त्या ओळखीतून मुलाच्या गाण्यांची टेप मेलनकॅम्प यांच्यापर्यंत पोहोचली. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमची निर्मिती मेलनकॅम्प यांनीच केली. तेव्हापासून पाव शतकाहून अधिक काळ मॅकमर्ट्री लिहीत आणि गात आहेत. २०१५ मध्ये ते ऑस्टिनमध्ये राहत होते, आणि दौऱ्यावर नसत तेव्हा बुधवारी रात्री बारा वाजता साउथ काँग्रेस अ‍ॅव्हेन्यूवरील कॉन्टिनेंटल क्लबमध्ये आपल्या बँडसह वाजवत. घराजवळच्या क्लबात दर आठवड्याला हजेरी लावणारा एवढ्या तोलामोलाचा गीतकार, ही गोष्ट मला प्रथम कळली तेव्हा खरीच वाटली नव्हती.

त्यांची गाणी मला आवडतात ती मुख्यतः कथा म्हणून. त्यांनी मुलाखतींतून आपली रीत सांगितलेली आहे: आधी एखाद-दुसरी ओळ सुचते, मग ही ओळ कोण बोलत असेल असा प्रश्न ते स्वतःला विचारतात, आणि त्या बोलणाऱ्या माणसाच्या मागोमाग कथा येते. त्यामुळे गाण्यातला ‘मी’ जवळजवळ नेहमीच दुसरा कोणी असतो. कधी शेतकरी, कधी मासेमार, कधी सैन्यातून परतलेला तरुण. १९९५ च्या अल्बममधील ‘लेव्हललँड’ या गाण्यात पश्चिम टेक्सासच्या सपाट प्रदेशातला एक मुलगा बोलतो. पूर्वी रात्री आईसोबत अंगणात बसून तारे पाहायचो, पण घरी डिश आल्यापासून आईने आकाश पाहिले असेल असे वाटत नाही, असे तो सहज सांगून जातो. एका कुटुंबातली तीसेक वर्षे त्या दोन वाक्यांत येतात. अशी गाणी हेडफोनवर ऐकताना शब्द थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकता येतात. क्लबच्या गोंगाटात त्यांचे काय होत असेल, हीच माझी सर्वांत मोठी उत्सुकता होती आणि धास्तीही.

पहिले काम ओळखपत्राचे होते, आणि त्याची सुरुवात मी ऑक्टोबरमध्ये केली. टेक्सासमध्ये मद्यपानासाठी २१ वर्षे वयाची अट आहे, आणि रात्री चालणाऱ्या बहुतेक क्लबांत दारावरच वय तपासतात. केस पांढरे झालेल्या माणसालाही ओळखपत्र मागतात, त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नसते. भारतीय वाहनपरवाना किंवा आधार कार्ड यांचा इथे उपयोग नाही. पासपोर्ट चालतो, परंतु व्हिसाचा शिक्का असलेला मूळ पासपोर्ट मध्यरात्री गर्दीत घेऊन फिरण्याची माझी तयारी नव्हती. मी गाडी चालवत नसल्यामुळे परवान्याचाही प्रश्न नव्हता. यावरचा मार्ग म्हणजे राज्याचे ओळखपत्र, जे वाहनपरवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयातच मिळते.

त्यासाठी व्हिसासह पासपोर्ट, देशात प्रवेश केल्याची आय-९४ नोंद, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि टेक्सासमधील वास्तव्याचे दोन वेगवेगळे पुरावे लागले. मी घराचा भाडेकरार आणि बँकेचे विवरणपत्र नेले होते. राज्यात तीस दिवस राहिलेले असणे आवश्यक असते, त्यामुळे आल्या आल्या अर्ज करून उपयोग होत नाही. आय-९४ ची प्रत आता कागदावर मिळत नाही. ती सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून स्वतः छापून घ्यावी लागते, आणि तिच्यावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळते आहे ना, हे घरीच पाहून घ्यावे. आपल्याकडच्या नावांत वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधे येते आणि ते कधी पहिल्या नावाला जोडून छापलेले असते, म्हणून ही सूचना विशेष करून. शुल्क १६ डॉलर होते. छायाचित्र आणि ठसे घेतले जातात, परदेशी नागरिकांचे कायदेशीर वास्तव्य केंद्रीय यंत्रणेत पडताळले जाते, आणि त्या दिवशी हातात फक्त एक तात्पुरता कागद पडतो. तो कागद क्लबच्या दारावर चालेल या भरवशावर जाऊ नये. खरे कार्ड टपालाने यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि ते कायदेशीर वास्तव्याच्या मुदतीपुरतेच वैध असते. माझा नंबर येईपर्यंत त्या कार्यालयात बराच वेळ बसावे लागले. हा वेळ जाणार याची कल्पना असल्यामुळे मी गाण्यांचे शब्द छापून नेले होते, आणि क्लबसाठीची माझी निम्मी तयारी तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर झाली.

ही तयारी मी मनापासून सुचवते. शब्द पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक गाण्यात कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे आणि गोष्ट कुठे जाते एवढे ठाऊक असले, की गोंगाटात एखादी ओळ निसटली तरी धागा हातात राहतो. टेक्सासचा हेल, वेगाने सुटणारे शब्द आणि गावांची अनोळखी नावे एकाच वेळी कानावर पडतात, तेव्हा इंग्रजी कितीही सवयीची असली तरी ही पूर्वतयारी उपयोगी पडते.

दुसरी तयारी कानांची. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबल पातळीचा आवाज दिवसाला आठ तास सहन करता येतो, आणि पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. रॉक क्लबमध्ये आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो. या हिशेबाने तिथे संरक्षणाशिवाय पंधराच मिनिटे थांबावे, आणि मला तर साडेदहापासून दोनपर्यंत थांबायचे होते. कारखान्यात वापरतात ते फोमचे इअरप्लग आवाज कमी करतात, पण वरच्या पट्ट्या जास्त कापतात आणि शब्द दबून जातात. वाद्यांच्या दुकानात संगीतासाठीचे वेगळे इअरप्लग मिळतात, ते सर्व पट्ट्या साधारण सारख्या प्रमाणात खाली आणतात. माझी जोडी पंधरा डॉलरच्या आत मिळाली. ज्या माणसाचे शब्द ऐकायला आपण जातो आहोत, त्याच्यासाठी हा खर्च अगदी योग्य आहे.

नोव्हेंबरच्या अखेरीस कार्ड आले. मॅकमर्ट्री दौऱ्यावर असले तर त्या बुधवारी क्लबमध्ये दुसरे कोणी वाजवत असे, म्हणून क्लबचे वेळापत्रक आणि त्यांच्या दौऱ्याच्या तारखा दोन्ही पाहून डिसेंबरमधला बुधवार निश्चित केला. आगाऊ तिकीट काढावे लागत नव्हते, दारावरच पैसे देऊन आत जायचे असे. याला इथे कव्हर म्हणतात. गुरुवारी सकाळची एक बैठक मी आधीच दुपारी ढकलून घेतली, बुधवारी संध्याकाळी दोन तास झोपले, पोटभर जेवले आणि सपाट, जाड तळाचे बूट घातले. मध्यरात्रीच्या कार्यक्रमासाठी संध्याकाळची ही झोप सर्वांत महत्त्वाची ठरते.

जाताना बसने गेले. साउथ काँग्रेसवरून जाणारी जलद बस सोयीची आहे, परंतु परतीच्या वेळी तिच्यावर अवलंबून राहता येत नाही, म्हणून परत येण्यासाठी फोनवरून टॅक्सी बोलावायचे ठरवले होते आणि फोन पूर्ण भरून घेतला होता. साडेदहाच्या थोडे आधी पोहोचले. दारावरच्या तरुणाने ओळखपत्रावर टॉर्च मारला, कार्ड उलटसुलट करून पाहिले, कव्हरचे दहाएक डॉलर रोख घेतले आणि मनगटावर शिक्का उमटवला. हा शिक्का असला की मधे बाहेर जाऊन परत येता येते. सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात. दारावर, बारवर आणि बँडसाठी टिप टाकायच्या बरणीत, तिन्ही ठिकाणी त्या लागतात.

कॉन्टिनेंटल क्लब १९५० च्या दशकापासून उभा आहे. खोली लांबट आणि अरुंद, एका बाजूला बार, टोकाला लहानसा मंच आणि त्यामागे लाल पडदा. मंचाची उंची फार नाही. पुढच्या रांगेतला माणूस हात लांब करील तर माइकच्या दांड्यापर्यंत पोहोचेल. बसायला जागा अगदी मोजक्या, त्या लवकर जातात. सिगारेटचा धूर नसतो, कारण शहराने २००५ मध्येच बारमधील धूम्रपानावर बंदी घातली. ज्यांना धुराच्या भीतीने जावेसे वाटत नाही, त्यांनी निश्चिंत असावे. मी बारवर जाऊन लिंबू घातलेला सोडा मागितला, त्याचे पैसे दिले आणि वर एक डॉलर ठेवला. कोणी काही विचारले नाही, आणि संपूर्ण रात्र माझ्या हातात तेच पेय होते.

तेव्हा बुधवारचा पहिला सेट, म्हणजे सलग गाण्यांचा पहिला भाग, जॉन डी ग्रॅहम यांचा असे. हेही ऑस्टिनचे जुनेजाणते गीतकार. १९७० च्या दशकाच्या शेवटी ते स्कंक्स या बँडमध्ये होते, १९८० च्या दशकात अलेहांद्रो एस्कोवेडो यांच्यासह ट्रू बिलीव्हर्समध्ये, आणि शहराच्या संगीतातील मानाच्या यादीत त्यांचे नाव तीन वेळा गेले आहे. त्यांचा आवाज खरखरीत, घशाच्या तळातून ओढून काढल्यासारखा, आणि गिटार त्याहून धारदार. मॅकमर्ट्री यांच्यासाठी येणाऱ्यांनीही हा सेट चुकवण्यासारखा नव्हता. ग्रॅहम मन मोकळे करून, थेट आपल्याशी बोलल्यासारखे गायले; त्यांच्यानंतर मॅकमर्ट्री यांचा कोरडा, भावना आत ठेवणारा सूर कसा वेगळा आहे, हे एका रात्रीत समजले.

दोन सेटच्या मध्ये अर्धा तास गेला असेल. एक बँड आपले ध्वनिवर्धक म्हणजे अ‍ॅम्प उचलतो, दुसरा आपले मांडतो, ड्रमवाला झांजांची उंची बदलतो. मॅकमर्ट्री यांनी आपल्या गिटार स्वतः आणल्या, स्वतःच केबल लावल्या आणि एकेक तार जुळवली. लांब केस, हॅट, चष्मा. आजूबाजूला उभे असलेले लोक त्यांना ओळखत होते, तरी कोणी जवळ जाऊन गर्दी केली नाही. त्या माणसाचे काम चालू आहे, हे सर्वांना मान्य होते.

बाराच्या सुमारास सेट सुरू झाला तेव्हा मी मंचासमोर होते. पहिल्या दोन गाण्यांत ड्रम आणि गिटारच छातीवर आदळत राहिले, आवाज ऐकू येत होता पण शब्द लागत नव्हते. याचे कारण साधे आहे. लहान खोलीत मंचाच्या अगदी पुढे उभे राहिले की ड्रम आणि अ‍ॅम्प यांचा आवाज सरळ अंगावर येतो, तर गाणाऱ्याचा आवाज दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून, आपल्या डोक्यावरून मागे जातो. ध्वनिसंयोजक जिथे बसतो तिथले ऐकूनच तो सगळ्याचे प्रमाण ठरवत असतो. मी हळूहळू मागे सरकत त्याच्या टेबलापाशी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले, आणि एका गाण्याच्या मध्यावर शब्द एकदम स्वच्छ झाले. शब्दांसाठी जाणाऱ्याने मंचाची जवळीक सोडावी आणि हे टेबल शोधावे.

तिथून मला त्या गाण्यांची वेगळीच ओळख झाली. मॅकमर्ट्री गाताना जवळजवळ हलत नाहीत, चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. रेकॉर्डवर मला हा अलिप्तपणा थोडा दूरचा वाटत असे. खोलीत ऐकताना लक्षात आले की ते पात्राला जागा करून देतात. गाणारा आपल्या भावनेने ओळ रंगवत नाही, म्हणून बोलणारा शेतकरी किंवा बाई आपल्या स्वतःच्या आवाजात उरते. एरवी ठळकपणे जाणवणारा ठेका या कोरड्या सुराला आधार देतो. बँड जोर लावतो आणि गायक शांत राहतो. मध्यावर बँड खाली उतरला आणि त्यांनी एकट्याने अकूस्टिक गिटारवर गायला सुरुवात केली, तेव्हा बारवरचे बोलणे पूर्ण थांबले नाही, पण बरेच खाली आले. मला ते खटकले नाही. ही माणसे दर बुधवारी येतात. त्यांच्यासाठी ही गाणी आठवड्याचा भाग आहेत.

त्यानंतर बँड परतला आणि ‘वी कान्ट मेक इट हिअर’ सुरू झाले. २००४ मध्ये अमेरिकेच्या निवडणुकीपूर्वी मॅकमर्ट्री यांनी हे गाणे इंटरनेटवर विनामूल्य दिले होते; पुढे ते ‘चाइल्डिश थिंग्ज’ या अल्बममध्ये आले, आणि २००६ च्या अमेरिकाना पुरस्कारांत सर्वोत्तम गाण्याचा आणि अल्बमचा असे दोन्ही मान मिळाले. बंद पडलेली कापडगिरणी, परदेशी गेलेली कामे, युद्धावरून परतलेले सैनिक आणि रिकामी होत जाणारी गावाची पेठ, असा त्याचा विषय. बाहेर पाठवलेल्या कामांवर उभ्या असलेल्या उद्योगातून मी त्या देशात आलेली आहे, आणि त्या खोलीत हे गाणे ऐकताना ही गोष्ट माझ्या मनातून एक क्षणही गेली नाही. त्याच वेळी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईतला गिरणी संप, त्यात उतरलेले सुमारे अडीच लाख कामगार आणि त्यानंतर रिकामे होत गेलेले गिरणगाव हेही आठवत राहिले. गिरणी कुठेही बंद पडली तरी मागे राहणारी माणसे याच गाण्यातल्यासारखे बोलतात. गाणे कोणा परक्या माणसावर राग काढत नाही, त्याचा रोख निर्णय घेणाऱ्यांवर आहे. तरीही ऐकताना मान वर ठेवायला मला थोडे बळ लागले, आणि ते लागावे असेच ते लिहिलेले आहे.

शेवटाकडे ‘चॉक्टॉ बिंगो’ आले. एका काकाच्या घरी जमणाऱ्या नातेवाइकांची, आठ-नऊ मिनिटे सुसाट धावणारी ही गोष्ट. मंचासमोरची सगळी जागा नाचणाऱ्यांनी भरून गेली. त्यांच्या एका थेट ध्वनिमुद्रणात मॅकमर्ट्री म्हणतात की मी स्वतःला कलावंत समजत होतो, पण प्रत्यक्षात मी बिअर विकणारा निघालो. त्या रात्री या वाक्याचा व्यवहार मला समोर दिसला. टेक्सासमध्ये दोन वाजता दारूविक्री थांबवावी लागते, क्लबचे उत्पन्न बारवर चालते, म्हणून शेवटच्या तासात लोक थांबले पाहिजेत आणि नाचले पाहिजेत. इतके शब्द असलेले गाणे नाचण्यासाठी लिहिणे आणि एक शब्दही न गाळता ते मध्यरात्रीनंतर गाणे, ही कारागिरी मी त्याआधी कुठे पाहिली नव्हती. पूर्वी रेकॉर्ड विकण्यासाठी दौरे करत होतो, आता दौरे करता यावेत म्हणून रेकॉर्ड काढतो, असेही त्यांनी सांगितले आहे. त्यामुळे दारू न घेणाऱ्या श्रोत्याने बँडची बरणी आणि विक्रीचे टेबल या दोन ठिकाणी आपला वाटा द्यावा, असे मला मनापासून वाटते. फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या ‘कॉम्प्लिकेटेड गेम’ची सीडी मी तिथेच घेतली.

दोनच्या आत दिवे लागले. बाहेर त्या वेळी सगळ्याच बारमधून लोक एकदम निघतात आणि टॅक्सीचे भाडे वाढते. पाच-दहा मिनिटे आधी, शेवटच्या गाण्याच्या सुमारास टॅक्सी बोलावली तर सोयीचे पडते, परंतु मला शेवटचे गाणे सोडायचे नव्हते; म्हणून मी क्लबच्या दाराजवळच, उजेडात आणि दारावरच्या माणसाच्या नजरेत उभी राहून गर्दी ओसरू दिली. एकट्या बाईला त्या रात्री कुठेही असुरक्षित वाटले नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध जोडप्याने तर माझी गाडी येईपर्यंत सोबत केली आणि इतकी वर्षे आपण बुधवार कसे सांभाळतो, ते सांगितले: ते दोघे नऊ वाजता झोपतात आणि गजर लावून साडेअकराला उठतात.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी ‘चाइल्डिश थिंग्ज’पासून सुरुवात करावी, मग ‘कॉम्प्लिकेटेड गेम’ घ्यावा. ज्यांना मध्यरात्र किंवा मोठा आवाज जमणार नाही, त्यांच्यासाठी क्लबच्या शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर गॅलरी नावाची लहान खोली आहे आणि तिथे शांत कार्यक्रम होतात. कोणाचा कार्यक्रम कधी आहे, ते क्लबच्या वेळापत्रकात कळते. निघण्याच्या दिवशी ते पुन्हा एकदा पाहून घ्यावे.